पोचेटिनोला परत आणावं का?

पुणेरी स्पर
२७ मार्च २०२३, रात्री ११:४०

आज पहाटे उठल्या उठल्या फोन बघितला तर आपल्या टॉटनहॅमचा कोच कॉन्ते गेल्याची बातमी. क्लब म्हणतो परस्पर संमतीने. पण १८ तारखेला साउदॅम्प्टनला ३-१ वरून ३-३ करून घेतल्यावर पत्रकारांपुढे तो जे बोलला, त्यानंतर तो राहणार नाही हे आपल्या सगळ्यांना कळलंच होतं. स्वतःच्याच खेळाडूंना स्वार्थी म्हणाला, मालकांपर्यंत जाऊन पोचला. आता दहा मॅच उरल्यात, आपण चौथे आहोत, आणि उरलेला मोसम सहाय्यक कोच स्टेलिनी आणि रायन मेसन मिळून ओढणार आहेत.

पुढे कोण, यावर माझं मत आधीच सांगून टाकतो. आपला जुना कोच मॉरिसिओ पोचेटिनोला परत आणा.

का, ते सांगताना मला २०१९ च्या मे महिन्यातल्या त्या रात्रीकडे जावंच लागेल. चॅम्पियन्स लीगची, अयाक्सविरुद्धची अॅमस्टरडॅमची सेमीफायनल. आपल्याकडे साडेबाराला सुरू झाली. पहिली मॅच आपण घरी ०-१ हरलो होतो, आणि इथे हाफटाइमला २-० मागे. म्हणजे एकूण तीन गोल मागे. मी टीव्ही बंद करायला उठलोही होतो. मग आपल्या लुकासचे चार मिनिटांत दोन गोल. आणि ९६ व्या मिनिटाला सिसोकोने मागून उंच टाकलेला बॉल, योरेंतेची धडक, डेलेचा नुसता स्पर्श, आणि लुकासचा डावा पाय. एकूण ३-३, पण बाहेरच्या मैदानावरचे गोल आपले जास्त, म्हणून आपण फायनलला. वडील शेजारच्या खोलीत झोपले होते म्हणून मी उशी तोंडावर दाबून धरली, पण पायाने स्टूल कलंडलं आणि ते उठून बाहेर आले. पडद्यावर पोचेटिनो गुडघे टेकून रडत होता. बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "हरला का रे हा?" म्हटलं, "नाही बाबा, जिंकलाय." मग ते खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही गोल पुन्हा दाखवले तेव्हा शांतपणे बघत राहिले.

त्यानंतर सव्वासहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, आपण त्या माणसाला काढलं. दुसऱ्या दिवशी मोरिन्यो. मग नुनो, मग कॉन्ते. बाबा अजूनही मधूनच विचारतात, "तो रडणारा माणूस सध्या कुठे असतो?"

सध्या तो मोकळा आहे. गेल्या जुलैत पॅरिसच्या पीएसजीतून बाहेर पडला, तेव्हापासून कुठेही नाही. मला तो परत हवाय. तुम्हाला?

---

तालीमवाला
२८ मार्च २०२३, सकाळी ८:१५

भावा, लिहिलंयस झकास. वाचताना अंगावर काटा आला. पण मला नको.

त्या रात्रीच्या अकरा जणांची यादी डोळ्यांपुढे आण. लोरिस, ट्रिपिअर, आल्डरवेरेल्ड, व्हर्टोंगन, रोझ, वान्यामा, सिसोको, एरिक्सन, डेले, सॉन, लुकास. यातले आज आपल्याकडे किती? लोरिस, सॉन आणि लुकास, तिघंच. लुकासचाही करार या मोसमात संपतोय. ट्रिपिअर न्यूकॅसलला, एरिक्सन मँचेस्टर युनायटेडला. केन, डायर, डेव्हिस तेव्हाही होते, आजही आहेत, बरोबर. पण जो संघ आठवून तू त्याला बोलावतोयस तो संघ आता नाही.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासून पेठांच्या मॅच बघतोय. एखादा जुना कोच तालमीत परत आला की पहिल्या मॅचला सगळी पेठ लोटते, हलगी कडाडते. तो मात्र मैदानात उभा राहून ज्या पोरांना हाका मारायची सवय त्यांना शोधत असतो. ती पोरं तोवर नोकरीला लागलेली असतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

आकडेमोड
२८ मार्च २०२३, सकाळी ११:०२

भावना समजू शकतो, तरी एक हिशेब सगळ्यांसमोर ठेवतो.

२०१८-१९ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत २६ मॅचमध्ये आपले ६० गुण होते. मोसम संपला तेव्हा ७१. म्हणजे शेवटच्या १२ मॅचमध्ये ११ गुण. पुढच्या मोसमात त्याला काढेपर्यंत आणखी १२ मॅच झाल्या, त्यात १४ गुण, क्रमांक चौदावा. दोन्ही मिळून लीगच्या २४ मॅचमध्ये २५ गुण. २० जानेवारी २०१९ ला फुलमला जिंकलो, त्यानंतर तो असेपर्यंत लीगमध्ये बाहेरच्या मैदानावर एकही विजय नाही. बायर्नकडून घरच्या मैदानावर २-७. लीग कपमध्ये कोलचेस्टरकडून पेनल्टीवर हार.

अॅमस्टरडॅमची रात्र याच काळातली आहे. आपण ती एक रात्र लक्षात ठेवतो आणि तिच्या आजूबाजूचे नऊ महिने विसरतो. त्याला काढलं ते चूक नव्हतं. त्याच्या जागी मोरिन्योला आणलं, ती चूक.

---

पुणेरी स्पर
२८ मार्च २०२३, दुपारी १:३०

आकडेमोड साहेब, तुमचे आकडे बरोबर आहेत, मी तपासले. आता माझा एक आकडा घ्या. ५१७.

३१ जानेवारी २०१८ ला लुकास मोरा आला. त्यानंतरचा खेळाडू विकत घेतला तो थेट २ जुलै २०१९ ला, एनडोम्बेले आणि क्लार्क एकाच दिवशी. मधे ५१७ दिवस. २०१८ च्या उन्हाळ्यात आपण एकही खेळाडू घेतला नाही. प्रीमियर लीगमध्ये ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायची-विकायची ठरलेली मुदत) सुरू झाल्यापासून हे करणारा आपला पहिलाच क्लब. जानेवारीत उलट डेम्बेलेला चीनला पाठवलं. ज्या माणसाकडून बॉल काढून घेणं कुणालाच जमत नव्हतं त्याच्या जागी कुणीही आलं नाही.

आणि घर? आपलं जुनं मैदान, व्हाइट हार्ट लेन, पाडलेलं. नवं स्टेडियम २०१८ च्या सप्टेंबरात उघडायचं होतं, ते उघडलं ३ एप्रिल २०१९ ला. तोवर आपण वेम्बलीत. एक लीग कपची "घरची" मॅच तर मिल्टन कीन्सला खेळलो! दीड-दोन वर्षं भाड्याच्या घरात, बाजारातून काही न आणता, त्याच त्या पोरांना दमवत त्याने संघ युरोपच्या फायनलपर्यंत नेला. तुमचे २४ मॅचमधले २५ गुण हे त्या दमलेल्या पायांचे आहेत. २०१८ च्या मेमध्ये, लेस्टरशी ५-४ झाल्यावर, त्याने उघडपणे सांगितलं होतं की आता क्लबने धाडस करायला हवं, जोखीम घ्यायला हवी. त्याला हा संघ मोडून नवा बांधायचा होता. त्याने मागितलं, आपण दिलं नाही, संघ थकला, आणि थकल्याबद्दल काढलं त्याला.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्याचं काम अर्धवट राहिलं, आणि ते त्याच्यामुळे राहिलं नाही.

---

लंडनवासी
२८ मार्च २०२३, रात्री १०:२०

मी वॉल्थमस्टोला राहते, स्टेडियमपासून बसने जेमतेम वीस मिनिटं. २०१६ पासून मॅचला जाते, म्हणजे जुन्या मैदानाचा शेवटचा मोसम मला पूर्ण मिळाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो टीव्हीवर पाहिला असेल, म्हणून थोडं लिहिते.

त्या मोसमात घरच्या मैदानावर आपण एकही मॅच हरलो नाही. १९ पैकी १७ जिंकल्या, दोन बरोबरीत. एकूण ८६ गुण, दुसरा क्रमांक. पण मला आठवतो तो आवाज. जुनं मैदान लहान होतं, बाजूच्या रेषेपासून हात लांब केला तर खेळाडूला लागेल असं वाटायचं. वॉकर उजवीकडून आणि रोझ डावीकडून पळत सुटले की दोन्ही बाजूचे लोक एकामागोमाग उभे राहायचे, वाऱ्याने शेत हलावं तसं. बॉल गेला की पाच सेकंदांत तीन पांढरे शर्ट त्या माणसावर. प्रेसिंग हा शब्द मी नंतर शिकले. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ही पोरं एकमेकांसाठी पळतात.

१४ मे २०१७ ला मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवून ते मैदान बंद झालं. पाऊस होता, आणि नंतर इंद्रधनुष्य आलं. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसायचे. त्या दिवशी मॅच संपल्यावर ते आपल्या खुर्चीवर हात फिरवत बसून राहिले, उठेचनात.

आता नवं स्टेडियम आहे, ६२ हजारांहून जास्त लोक बसतात, सगळं चकाचक. आणि गेले काही महिने तिथे इतकी शांतता असते की कोच काय ओरडतोय ते ऐकू येतं. आमच्या ब्लॉकमध्ये पोचेटिनोच्या नावाचं गाणं सुरू झालं की मात्र लोक पुन्हा उभे राहतात. त्याने परत यावं का, ते मला अजून नीट ठरवता येत नाहीये. पण लोक नेमकं काय परत मागतायत, ते मला रोज दिसतं.

---

मडगावकर
२९ मार्च २०२३, सकाळी ९:४५

लंडनवासी ताई, फार सुंदर लिहिलंय.

मी एफसी गोवाचा माणूस, टॉटनहॅम नंतरचं. तुमच्या धाग्यात आमची गोष्ट सांगतो, कारण ती इथे लागू पडते.

सर्जिओ लोबेरा २०१७ ला आमच्याकडे आला. फातोर्ड्याला, आमच्या घरच्या स्टेडियमवर, जे फुटबॉल त्याने खेळवलं तसं आम्ही आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तोवर पाहिलं नव्हतं. कोरो, एदू बेदिया, ब्रँडन, मंदार... बॉल जमिनीवरून, सतत पुढे. ३१ जानेवारी २०२० ला, लीगच्या तीन मॅच उरलेल्या असताना, त्याला काढलं. संघ तेव्हा वर होता! क्लिफर्ड मिरांडाने उरलेल्या मॅच सांभाळल्या, आम्ही लीगमध्ये पहिले येऊन शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. सगळं छान झालं. पण ज्याने उभं केलं तो नव्हता.

पुढच्या मोसमात तो मुंबई सिटीला गेला, आणि आमचे चांगले चार खेळाडूही तिकडे. सेमीफायनलला आम्हालाच पेनल्टीवर बाहेर काढलं. आणि १३ मार्च २०२१ ला फायनल कुठे? फातोर्ड्यालाच. कोविडमुळे आत प्रेक्षक नाहीत. मी स्टेडियमपासून दीड किलोमीटरवर घरी बसून टीव्हीवर बघत होतो. बिपिनचा ९० व्या मिनिटाचा गोल, मोहन बागान हरलं, आणि लोबेरा आमच्या गवतावर उभा राहून दुसऱ्याचा कप उचलत होता.

त्यामुळे माझा सल्ला असा की परत आणायचं तर आत्ता आणा. नाहीतर तो कुठेतरी जाणारच आहे, आणि कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही.

---

निळा किल्ला
६ एप्रिल २०२३, रात्री ९:१०

चेल्सीवाला आहे, राग मानू नका. आज आमच्याकडे लॅम्पार्ड कोच म्हणून परत आला, उरलेल्या मोसमापुरता. आधीचा कोच पॉटरला २ तारखेला काढलं होतं. माझ्या लहानपणीचा हीरो, क्लबसाठी २११ गोल, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण २०२१ च्या जानेवारीत त्याला ज्या कारणांसाठी काढलं त्यातलं एक तरी कारण बदललंय का? हा प्रश्न मला सकाळपासून सोडत नाहीये.

आम्ही हे आधीही केलंय. मोरिन्यो २०१३ ला परतला, २०१५ ला लीग जिंकून दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सोळाव्या क्रमांकावर असताना गेला. लीग जिंकली हे खरं. पण जाताना पहिल्यापेक्षा कडवट होऊन गेला, हेही खरं.

---

आकडेमोड
७ एप्रिल २०२३, सकाळी १०:३०

निळा किल्ला, चांगला मुद्दा. परतलेल्यांची उदाहरणं दोन्ही बाजूंनी सापडतात. झिदान २०१९ च्या मार्चमध्ये रिआल माद्रिदला परतला, पुढच्याच मोसमात लीग जिंकला. अँचेलोटी २०२१ ला परतला, लगेच लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही. हाइनकेस बायर्नला पुन्हा पुन्हा येऊन जिंकत राहिला. उलट साकी १९९६ ला मिलानला परतला तर संघ अकरावा आला. कीगन न्यूकॅसलला २००८ मध्ये आठ महिन्यांत निघून गेला. डॅलग्लिशने लिव्हरपूलला लीग कप दिला आणि आठव्या क्रमांकावर त्यालाही काढलं.

यात मला एकच धागा दिसतो. माद्रिद आणि बायर्नला कोच परत आला तेव्हा वरची व्यवस्था भक्कम होती, खेळाडू घ्यायला पैसा आणि माणसं होती. कोच फक्त शेवटचा दगड होता. आपल्याकडे? ज्याने खेळाडू निवडायचे त्या पाराटिचीवर इटलीत घातलेली बंदी २९ मार्चला फिफाने जगभर लागू केली. तो रजेवर गेलाय. कोच नाही, फुटबॉल संचालक नाही. पाया नसताना शेवटचा दगड कुठे ठेवणार?

---

मडगावकर
७ एप्रिल २०२३, दुपारी १२:१५

डेव्हिड मॉइस राहिला तुमच्या यादीत. वेस्ट हॅमने २०१८ च्या मेमध्ये त्याला पुढे नेलं नाही, मोठं नाव म्हणून पेलेग्रिनीला आणलं. दीड वर्षाने २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा मॉइसलाच हाक मारली. संघ वाचला, आणि पुढच्या मोसमात सहावा आला. तो काही माद्रिद नव्हता, आणि वरची व्यवस्था तिथेही कुणी नावाजलेली नव्हती.

---

लंडनवासी
१५ एप्रिल २०२३, रात्री ११:५०

आत्ताच घरी आले. बोर्नमथकडून २-३, तोही ९५ व्या मिनिटाला. पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

लाँग्लेला दुखापत झाली म्हणून सांचेझ आत आला. तो आल्यावर गोल झाले आणि आपलेच लोक त्याच्या पायात बॉल गेला की हुर्यो करायला लागले. दुसऱ्या हाफमध्ये स्टेलिनीने त्याला परत बाहेर काढलं, तर बाहेर जातानाही तेच. बदली म्हणून आलेला खेळाडू, वीस-बावीस मिनिटांत परत बाकावर, मान खाली. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. याच सांचेझला २०१७ मध्ये आपण अयाक्सकडून तेव्हाच्या विक्रमी किमतीला आणलं होतं, पोचेटिनोच्याच काळात. तेव्हा एकवीस वर्षांचं पोर होतं ते.

पोचेटिनो एनफिल्डच्या सराव मैदानावर सगळ्यांनी रोज सकाळी एकमेकांशी हात मिळवायचा, असा नेम पाळायचा. स्वयंपाकघरातल्या माणसांपासून केनपर्यंत सगळे. आज स्टेडियममध्ये बसून मला वाटलं, या माणसाची गरज संघाला जितकी आहे तितकीच आम्हा बघणाऱ्यांना आहे. माझं ठरलं. मला तो परत हवाय.

---

तालीमवाला
१६ एप्रिल २०२३, सकाळी ७:४०

ताई, सांचेझचं वाचून वाईट वाटलं. आपल्या पोराला आपणच असं करायचं नसतं. आमच्याकडे पेठेत कितीही राग असला तरी अंगावर पेठेचा शर्ट असेपर्यंत पोरगं आपलं.

हात मिळवण्यावरून आठवलं. पोचेटिनोच्या टेबलावर ताटलीत लिंबं ठेवलेली असायची. वाईट ऊर्जा ओढून घेतात असं तो मानायचा. माझं दुकान आहे, दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतो, त्यामुळे मला ते वाचून हा माणूस फार जवळचा वाटला होता. खोलीत शिरताच माणसांच्या मनातलं ओळखणारा कोच असावा तो. तो गुण मी नाकारत नाही. माझी भीती वेगळी आहे. तो परत आला आणि पुन्हा ५१७ दिवस रिकाम्या हाताने बसवला, तर? मग आपण त्याला दुसऱ्यांदा काढू, आणि अॅमस्टरडॅमची आठवणही हातातून जाईल.

---

पुणेरी स्पर
२३ एप्रिल २०२३, रात्री ९:२५

न्यूकॅसल ६, आपण १.

साडेसहाला मॅच सुरू झाली. चहाचा कप हातात होता. दुसरं मिनिट, सहावं, नववं, एकोणिसावं, एकविसावं. पाच गोल झाले तेव्हा चहा प्यायलाही नव्हता. स्टेलिनीने चार डिफेंडर लावून बघितले, सगळा मोसम तीनवर खेळलेला संघ, आणि सारला तेविसाव्या मिनिटाला बाहेर काढावं लागलं. समोरच्या संघात ट्रिपिअर होता, कॅप्टन म्हणून. आपलाच ट्रिपिअर.

बाबा शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत.

तालीमवाला, तुमच्या शेवटच्या वाक्यावर आठवडाभर विचार करतोय. उत्तर सापडलेलं नाही.

---

आकडेमोड
२७ एप्रिल २०२३, दुपारी ४:००

स्टेलिनी गेला, मेसन आला. खेळाडूंनी न्यूकॅसलला गेलेल्या चाहत्यांच्या तिकिटाचे पैसे आपल्या खिशातून द्यायचं ठरवलंय, ते चांगलं केलं. पाराटिचीने २१ तारखेला राजीनामा दिला.

पुणेरी स्पर, माझं मत थोडं बदललंय, ते प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या २५ गुणांच्या हिशेबात मी कोचला एकटं धरलं होतं. तेव्हापासून मेसन सोडून चार कोच झाले: दोन जगप्रसिद्ध, एक साधा, एक हंगामी. चौघांच्याही हाताखाली एक वेळ अशी आली की खेळाडू मॅच सुरू होण्याआधीच हरलेले दिसत. इतक्या वेगळ्या माणसांच्या हाताखाली तेच होत असेल तर कारण त्यांच्या वर आहे. तरीही पोचेटिनोला आणा असं मी म्हणणार नाही. आधी चांगला फुटबॉल संचालक, मग त्याने निवडलेला कोच. तो पोचेटिनो असेल तर उत्तमच. या क्रमाने झालं नाही तर जर्मन कोच नागल्समान आला काय आणि आणखी कोणी आला काय, दोन वर्षांनी आपण हाच धागा पुन्हा काढू.

---

निळा किल्ला
७ मे २०२३, सकाळी ११:२०

लॅम्पार्डच्या पहिल्या सहाही मॅच हरलो, काल बोर्नमथला पहिला विजय. स्टँडमध्ये त्याच्यावर कुणी चिडत नाही. लोक त्याच्याकडे बघून गप्प होतात. चिडले असते तर बरं, असं वाटतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. इथे सगळीकडे पोचेटिनोचं नाव येतंय. आमच्याकडे.

---

लंडनवासी
७ मे २०२३, दुपारी ३:०५

वाचलं मीही. विश्वास ठेवायचा नाहीये. तो एकदा म्हणाला होता की बार्सिलोना आणि आर्सेनलला मी कधीच कोच होणार नाही, कारण त्यांचे शेजारी शत्रू एस्पान्योल आणि टॉटनहॅम माझे. त्या वाक्यात चेल्सीचं नाव नव्हतं. आज पहिल्यांदा ते जाणवलं.

---

मडगावकर
७ मे २०२३, संध्याकाळी ६:३०

फातोर्डा.

---

पुणेरी स्पर
२९ मे २०२३, रात्री १०:५५

दुपारी अधिकृत झालं. चेल्सी, १ जुलैपासून, दोन वर्षांचा करार.

कालच लीड्सला ४-१ हरवून मोसम संपला. केनचे दोन, लीगमधले एकूण तीस. तरीही आपण आठवे, आणि पुढच्या वर्षी युरोपात कुठेच नाही. कॉन्ते गेला तेव्हा चौथे होतो. फेयेनूर्डच्या कोच स्लॉटने गेल्या आठवड्यात मी इथेच राहतोय असं सांगितलं, कोम्पनीने बर्नलीशी नवा करार केला, म्हणजे आपल्याकडे अजूनही कोच नाही. या दोन महिन्यांत क्लबने पोचेटिनोला साधा फोन तरी केल्याची ठोस बातमी मला कुठे दिसली नाही.

दोन महिन्यांत या धाग्यावर माझं मत कुठून कुठे गेलं ते लिहिणं मला तुमचं देणं वाटतं. मी त्याला परत मागत होतो तेव्हा मनात ती रात्र होती, तालीमवाला बरोबर बोलले. मग मला वाटलं, त्याचं अर्धं काम त्याच्याकडून पूर्ण करून घ्यायला हवं. आकडेमोड यांच्या शेवटच्या प्रतिसादानंतर लक्षात आलं की ते अर्धं काम त्याचं नव्हतंच. संघ मोडून नवा बांधायचा निर्णय वरच्यांचा होता, आणि तो २०१८ मध्येच घ्यायचा होता. आज पोचेटिनो आला असता तरी ते काम त्यांचंच राहिलं असतं. हे सगळं पटतंय. आणि तरी आज दुपारी त्या बातमीसोबत त्याचा फोटो आला तेव्हा मी ऑफिसात जागेवरून उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

निळा किल्ला, त्याला नीट वागवा. रागाने नाही, मनापासून सांगतोय. त्याला खेळाडू द्या, वेळ द्या. तरुण पोरं त्याच्याकडे सोपवली की त्यांचं काय होतं ते आम्ही पाहिलंय. डेले अली मिल्टन कीन्सहून पन्नास लाख पौंडांत आला होता.

जेवताना बाबांना सांगितलं. "तो रडणारा माणूस आता चेल्सीला गेला." त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या विरुद्ध?" म्हटलं, हो. थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मॅच कधी आहे?"

म्हटलं, वेळापत्रक अजून आलेलं नाही.